विमानाची खांदेमळनी

बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हनत्यात, पन नाव घेतल्याबिगर ही गोष्ट सांगता येत न्हाई. मंग उखान्यातच घेते. प्रवरेच्या पान्यानं उसाला आली गोडी, रंगनाथरावांना अजून आठवती बैलांची जोडी. झालं. आता इथून पुढं मी नुसतं 'हे' म्हननार, आन् तुमी समजून घ्यायचं.

मी छबूबाई. माहेर राहात्याचं, सासर देवळाली प्रवरा. लग्नाच्या वरातीत मला बैलगाडीत बसवलं आन् हे नवरदेव मुंडावळ्या बांधून खाली उतरले. का, तर बैलांना वझं हुईल. सगळी वरात हसली. माजी मावशी म्हनली, पोरी, तुजी सवत आधीच घरात हाय बघ, आन् एक न्हाई, दोन. खरंच हुतं ते. डावीकडं पाखऱ्या, उजवीकडं ढवळ्या. कधी बदल न्हाई. मला दिवसाकाठी चार शब्द मिळायचे, आन् पाखऱ्याशी पहाटेपासून गप्पा. मी भाकरी घेऊन बांधावर गेले की हे त्याला सांगायचे, आली बघ, आज उशीर झाला तिला. म्हंजे मला बोलायचं ते बैलाला सांगायचं. अशा मानसाशी भांडावं तरी कसं?

जमीन थोडी, भाऊ दोन. दोन चुली त्याच्यावर पेटत नव्हत्या. धाकट्या दिरांना शेताबिगर दुसरं काही जमन्यासारखं नव्हतं. मंग ह्यांनीच शेत दिराच्या हवाली केलं आन् आमी भिंगारला आलो. बैल शेताबरोबर र्‍हायले, दुसरं करनार काय. निघायच्या दिवशी हे दावनीत इतका येळ उभे होते की एश्टी चुकली.

भिंगारला लष्कराच्या कामावर पान्याची बैलगाडी हाकायला हे लागले. बैल ठेकेदाराचे, पन ह्यांना बैल मिळाला म्हंजे बास. पुढं टँकर आला, गाडी बंद पडली. तेवढ्यात बांगलादेशची लढाई झाली, आन् तिच्यानंतर लष्करानं जुन्या तीन शेडींत विमानांचं परदर्शन मांडलं. लोकांनी बघावं, पोरांनी फौजेत जावं म्हनून. मानूस सरळ हाय, दारूला शिवत न्हाई, म्हनून ह्यांना तिथं राखनीला ठेवलं. रोजंदारीवर. झाडायचं, पुसायचं, आन् आलेल्या लोकांना फिरवून दाखवायचं.

आता ह्यांना इंग्रजी येत न्हाई, लिवलेल्या पाट्या वाचता येत न्हाईत. पन गर्दी ह्यांच्याच मागं. मी एकदा माज्या नंदेला, झुंबरबाईला, आन् देवळालीच्या चार बायांना घेऊन गेल्ते. आमाला वाटलं, हा मुका मानूस काय सांगनार. तर तिथं ह्यांचं तोंड असं सुटलेलं की मी बघतच र्‍हायले.

पहिल्या शेडीत जुनं लाकडी विमान हुतं, वरनं कापड तानून बसवलेलं. हे म्हनाले, बायांनो, ह्ये खोंड. अंगात रग हाय पन हाडं कवळी. ह्याच्यावर बसनारा मानूस घरून निरोप घेऊनच निघायचा. पुढं लाकडाचा लांब पंखा भिंतीला लावलेला. हे म्हनाले, ह्ये जू. विमान ह्याच्या जोरावर वढतं. बायांनी लगीच माना हलवल्या. आमच्या मागं कॉलेजातली पोरं हुती, तीबी पाटी सोडून ह्यांचंच ऐकायला लागली.

दुसऱ्या शेडीत खरं लढाईचं विमान. बुटकंच हुतं, पंख आपल्या खांद्याला लागतील येवढ्या उंचीवर. रुपेरी. डाव्या पंखाच्या बुडाशी पत्र्याची ठिगळं मारलेली. तिथं शत्रूच्या गोळ्या घुसल्या हुत्या, तरी उडवनाऱ्याला घेऊन ते परत घरी आलं. ह्याच्यापाशी आले की हे जरा हळू बोलायचे. म्हनाले, ह्ये कमावलेलं जनावर. मार खाल्ला पन धन्याला रानात टाकलं न्हाई. झुंबरबाईनं पंखाला हात जोडले. मीबी जोडले.

तिसरी शेड चंद्राची. चुन्याचा उंचसखल चंद्र केलेला, आन् त्याच्यावर पांढऱ्या जाड कपड्यातला मानूस उभा. आत भुस्सा भरलेला, तोंडावर काच. झुंबरबाई संकष्टी धरती. तिला ते काही पटंना. ती म्हनली, आमी दिवसभर उपाशी र्‍हाऊन ज्याची वाट बघतो, त्याच्यावर ह्यो बूट घालून उभा? उपास मोडला का लागला? माजं तर डोकं फिरलं, पन ह्यांनी एका क्षनात उत्तर दिलं. म्हनाले, झुंबर, तू काळजी करू नगं, ह्यो संकष्टीच्या दिवशी गेलाच नव्हता. झुंबरबाईचा जीव भांड्यात पडला. खरं खोटं देव जाने.

तर असं सगळं बरं चाललेलं. दुष्काळ मातर लई वाईट गेला. रेशनची तांबडी मिलो ज्वारी खाऊन आन् नळावर भांडून दिवस काढले. भिंगारच्या पेठेत आमची एक खोली, आन् नळ सगळ्या आळीला मिळून एक. पहाटे हंडा लावला तर दुपारी पानी. त्याच उन्हाळ्यात दिराचा निरोप आला. कालवा आटला, वैरन न्हाई, म्हनून बैल जनावरांच्या चारा छावनीत नेले हुते. ढवळ्या तगला. पाखऱ्या एका सकाळी उठलाच न्हाई. हे जेवत हुते. निरोप ऐकला, मान हलवली आन् भाकर कुस्करत बसले. मी म्हनलं, रडा की जरा, मोकळं वाटंल. तर म्हनाले, बैल गेल्यावर मानूस रडतं व्हय? मला इतका राग आला की मी त्या दिवशी त्यांच्याशी बोललेच न्हाई. अहो, मला रडू येत हुतं, आन् ह्या मानसाला न्हाई.

मंग पाऊस झाला, चांगला झाला, आन् पोळा तोंडावर आला.

परदर्शनावर आबासाहेब म्हनून सुपरवायझर हुते. मानूस वाईट नव्हता, पन सदानकदा घाबरलेला. त्यांनी ह्यांना बोलावून सांगितलं, की पोळ्याच्या दिवशीच पुन्याहून विमानदलाचे मोठे साहेब येनार हायेत. साधेसुधे न्हाई, ते लढाईतलं विमान ज्यांनी उडवलं तेच. त्यांनी सगळं नीट हाय म्हनलं, तर तुजं नाव कायमच्या जागेसाठी वर पाठवतो. नाराज झाले तर मातर मला सांगू नकोस, रोजंदारीचा मानूस बदलायला मला काही येळ लागत न्हाई.

कायम म्हंजे काय, ते मला इचारा. कायम झालं की क्वार्टर. आन् क्वार्टरला घरात नळ. सोताचा. मी क्वार्टर बघून आल्ते, मोरीत पितळी तोटीचा नळ हुता. मी तो हळूच सोडून बघितला आन् लगीच बंद केला, कोनी बघितलं तर काय म्हनंल. त्या दिवसापासनं मला सपनात नळ दिसायचा.

आठवडाभर जवानांनी ते विमान घासलं, पुसलं. आबासाहेबांनी त्याच्यात सोताचं तोंड बघून टोपी सारखी केली, तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं. पोळ्याच्या आदल्या दिवशी हे शेडीला कुलूप लावून दिवेलागनीला घरी आले. बोटं पिवळी. मी इचारलं, ही हळद कसली? म्हनाले, बोट कापलं. मी इश्वास ठेवला. मला वाटलं हा मानूस खोटं बोलत न्हाई. आता वाटतं, फारसं बोलतच नव्हता म्हनून खोटं खपलं त्याचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डाळ शिजत घातली आन् तुपाचा गडू काढला. राहात्याला माज्या भावाची म्हैस याली हुती, दुष्काळानंतरचं पहिलं तूप त्यानं मला धाडलं हुतं. येवढुसं, पुरनपोळीवर घ्यायला म्हनून जपून ठेवलेलं. गडू हलका लागला. आत बघते तर चाटून पुसून साफ. आधी मी शेजारच्या मांजराला शिव्या घातल्या. मंग ती पिवळी बोटं आठवली. हळद आन् तूप. पोळ्याची आदली सांज. मी शेतकऱ्याची लेक हाय, मला कोनी समजून सांगायची गरज नव्हती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळनी करतात. वरीसभर जो खांदा जू वाहतो, त्याला कढत पान्यानं शेकायचं, हळद आन् तूप चोळायचं, पळसाच्या पानानं मळायचं. आन् बैलाच्या कानात सांगायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.' भिंगारात आमाला बैल कुठला? मंग माजं तूप गेलं कुठं? डाळीखालचा जाळ वढला, पदर खवला आन् तरातरा शेडीकडं निघाले.

दारावरचा जवान मला वळखत हुता. आत गेले, आन् बघते तर माजं तूप विमानाच्या खांद्यावर. डावा पंख जिथं अंगाला जोडलाय तिथं, ठिगळांवर, हातभर पिवळाधमक तेलकट पट्टा. खाली पळसाची पानं. आन् चाकावरनं मुंग्यांची रांग सरळ वर चढलेली. बाकीचं विमान आरशावानी लखलखत हुतं, त्यामुळं तो डाग आनखीनच डोळ्यात भरत हुता.

मी म्हनलं, अहो, तुमाला येड लागलं का? आज साहेब येनार, आजच कायमचं ठरनार, आन् हे काय? मी पदर ओला करून पुसायला धावले. ह्यांनी माजा हात धरला.

"छबू, पुसू नगं," हे म्हनाले. "मळलेला खांदा पुसत न्हाईत."

दिवसाउजेडी ह्यांनी मला नावानं कधी हाक मारली नव्हती. माजा हात तसाच र्‍हायला. तेवढ्यात भाईर जीप वाजली. मला निघून जायला वाटच नव्हती, म्हनून ह्यांनी मला तिसऱ्या शेडीत ढकललं. मी जाऊन चंद्रावरच्या मानसाच्या मागं उभी र्‍हायले. तिथनं दारातनं ते विमान समोर दिसत हुतं.

साहेब उंच हुते, वय फार न्हाई, पन कानावरचे केस पांढरे. आबासाहेब पहिल्या शेडीतलं एकेक दाखवत हुते, आन् साहेब नुसते हं हं करत पुढं येत हुते. कुनाला भेटायला आलेला मानूस ओसरीवर थांबत न्हाई, तसं. दुसऱ्या शेडीत पाऊल टाकलं आन् ते उभेच र्‍हायले. आबासाहेबांनी पट्टा बघितला. त्यांनी इचारलं, हे कोनी केलं. हे पुढं झाले, म्हनाले, मी. आबासाहेब म्हनाले, आत्ताच्या आत्ता कुलपाच्या किल्ल्या ठेव आन् घरी जा. माज्या डोळ्यापुढनं तो पितळी नळ वाहून गेला, खरं सांगते.

साहेबांनी हात वर केला. ते पंखापाशी गेले, बोटावर ती हळद घेतली, वास घेतला. मंग ह्यांना हिंदीत इचारलं, हे काय हाय?

ह्यांची हिंदी म्हंजे मराठीलाच शेवटी 'है' जोडलेलं. पन त्या दिवशी ती कुठं अडखळली न्हाई. हे म्हनाले, साहेब, आमच्यात वरीसभर वझं वाहनाऱ्याचा खांदा एक दिवस मळतात. ह्यानं तुमाला पाठीवर घेऊन लढाई केली, गोळ्या खाऊन घरी आनलं. मी इथं आल्यापासनं बघतो, लोक येतात, हात जोडतात, फोटू काढतात. पन ह्याचा खांदा कोनी मळला न्हाई. म्हनून मी मळला. चुकलं असंल तर घरी जातो.

साहेबांनी इचारलं, मंग एकच खांदा का? उजवा का न्हाई?

हे खाली बघत र्‍हायले. मंग म्हनाले, "गोळ्या डावीकडंच लागल्यात, साहेब."

साहेबांना ते पटलं. आबासाहेबांनाबी पटलं. चंद्रावरच्या मानसाच्या मागं मला मातर हुंदका आवरंना. डावीकडं कोन जुंपला जायचा ते त्या शेडीत मला एकटीला ठाऊक हुतं. ढवळ्याचा खांदा तिकडं देवळालीत दिरानं मळला असनार. डाव्या अंगाचाच खांदा ह्या साली मळायचा र्‍हायला हुता.

साहेब हळूच म्हनाले, त्या दिवशी मी उतरलो तर पोरांनी मला खांद्यावर घेतलं, मिठाई चारली. पुढं छातीवर पदक लावलं. मी ह्याच्याकडं एकदाबी वळून बघितलं न्हाई. त्यांनी पंखावर हात ठेवला, त्या तुपाच्या पट्ट्यावरच. मंग इचारलं, मळताना काही म्हनतात का? ह्यांनी सांगितलं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. त्याचा अर्थबी सांगितला. साहेब हसले. म्हनाले, म्हंजे आवतन दिलंस, आन् ह्याला तर तोंड न्हाई. मंग ह्याच्या वाटचं मी जेवलो तर चालंल का?

इथं माज्याच्यानं र्‍हावलं न्हाई. मी डोळे पुसत पुढं वाकले, तर माजा धक्का लागून चंद्रावरच्या मानसाचं डोकं कलंडलं. सगळ्यांनी वळून बघितलं.

"साहेब, जेवायला या," मी तिथनंच म्हनलं, "पन तूप मागू नका. ते सगळं तुमच्या विमानानं खाल्लंय."

चंद्रावरचा मानूस मराठीत बोलला म्हनून आबासाहेब दोन पावलं मागं सरकले. मी पदर सावरत भाईर आले तेव्हा त्यांना कळलं. साहेबांना मराठी समजत नव्हतं. ह्यांनी 'है' जोडून सांगितलं तसं ते असे हसले, की भाईरचा जवान आत डोकावला.

मी घरी पळाले. डाळ निखाऱ्यावर शिजलेली हुती, पुरन वाटलं, पोळ्या लाटल्या, कटाची आमटी केली. दुपारी साहेब बाकीची कामं उरकून परत शेडीत आले. विमानाच्या पंखाखाली घोंगडी टाकली. मी ताट वाढलं, तर साहेबांनी आधी ह्यांना इचारलं, पहिला घास कुनाचा? हे म्हनाले, बैलाचा. मंग त्या येवढ्या मोठ्या मानसानं ताट उचललं, विमानाच्या नाकापुढं धरलं, पोळीचा तुकडा मोडून चाकावर ठेवला आन् मंग जेवायला बसले. कोरडी पोळी गोड मानून दोन खाल्ल्या. आबासाहेबांनी चार खाल्ल्या. सकाळच्या भ्यानं त्यांना भूक लागली असंल.

हे शेजारी बसले हुते. चाकावरच्या त्या घासाकडं बघत हुते. मुंग्या तिथंबी आल्या हुत्या. बघता बघता ह्यांच्या डोळ्यांतनं पानी गळायला लागलं, टपटप, ताटात. साहेबांनी काही इचारायच्या आत हे म्हनाले, आमटी तिखट झालीय. आमटीत मी तिखट बेतानंच घातलं हुतं. पन मी म्हनलं, व्हय, जरा जास्तच पडलं.

दिवाळीनंतर कायमचा हुकूम आला. क्वार्टर मिळाली. पहिल्या दिवशी मी नळ सोडला आन् नुसती बघत बसले. हे म्हनाले, बंद कर, वाया जातंय. मी म्हनलं, जाऊ द्या थोडं, माज्या तुपाचं हाय.

पुढच्या साली पोळ्याच्या आदल्या दिवशी मीच तूप कढवलं, हळद घातली आन् वाटी पदराखाली झाकून ह्यांच्याबरोबर शेडीत गेले. आबासाहेब दारात हुते. त्यांनी वाटी बघितली आन् दुसरीकडं तोंड फिरवलं, त्यांना जसं काही दिसलंच न्हाई. ह्यांनी डावा खांदा मळायला घेतला. मी पळसाचं पान हातात घेतलं आन् शेजारी उभी राहून मळू लागले. मळून झालं, तसं हे आवतन द्यायला वाकले. मी म्हनलं, थांबा, आज मी देते. आन् त्या थंड पत्र्याला तोंड लावून म्हनलं, "पाखऱ्या, आज आवतन घे, उद्या जेवायला ये."

ह्यांनी माज्याकडं बघितलं. मंग पंखावर डोकं टेकून लहान पोरावानी रडले. त्या दिवशी मातर त्यांनी आमटीचं नाव काढलं न्हाई.